सदतीसपैकी छत्तीस

रात्री दहानंतर बेटांवरचं इंटरनेट मोकळं होतं.
शाळा झोपलेल्या, दवाखान्यांना कुलूप,
आणि कास्त्रोतल्या या खोलीत, लाकडाच्या शेगडीशेजारी,
मी एक फाइल उघडते. तिच्यात सदतीस नावं:
अपियाओ, अलाओ, चौलिनेक, मेचुके, ताक…
एका ओळीला एक खोकं,
टेबलाखाली, नाहीतर औषधांच्या कपाटावर ठेवलेलं.

पूर्वी मी बोटीने जायचे.
खिशात पेनड्राइव्ह, बुटांत समुद्र,
एक पॅकेज चढवायला दोन दिवस,
आणि परतताना कुणीतरी दिलेले बटाटे मांडीवर.

आता फक्त लिहिते.
काय करायचं ते नाही, काय असायला हवं ते:
हे पॅकेज असावं. ही आवृत्ती असावी.
ते जुनं नसावं. ही सेवा चालू असावी.
बाकीचं प्रोग्राम बघून घेतो.
आधीच तसं असेल तर तो हातही लावत नाही.
या स्वभावाचा मला हेवा वाटतो.
माझी आई झाडलेली जमीन पुन्हा झाडते,
आणि मी तिचीच मुलगी.

एंटर.
हिरवं म्हणजे जसं हवं तसंच होतं.
पिवळं म्हणजे नव्हतं, आता केलं.
लाल म्हणजे हाक मारली, ओ आली नाही.
ताक लाल. तिथला जनरेटर रुसला असेल,
पहाटे पुन्हा विचारीन.

आणि केनाक. केनाकपुढे रंगच नाही.
छपाईचं पॅकेज तिथे जुन्या आवृत्तीला
खिळा ठोकून ठेवलेलं,
वर एक ओळ:
‘हात लावू नये. कारण मला विचारा. नोल्बेर्तो.’

नोल्बेर्तोला आता कुठे विचारू?
दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला आम्ही चोंचीच्या टेकडीवर पोहोचवून आलो.
त्याच्या मागे राहिल्या असल्या ओळी,
अर्ध्या वाक्यात उठून गेलेल्या माणसासारख्या.

जूनमधल्या एका रात्री मी खिळा उपटला.
वरून पत्र आलं होतं, जुन्या आवृत्तीत भोक आहे म्हणून.
खरं सांगायचं तर ते निमित्त.
मला सदतीस हिरव्या ओळी बघायच्या होत्या.
दिसल्या. एकाखाली एक, शिस्तीत.
मी माते भरून घेतला, पाय शेगडीकडे केले,
आणि कुणाला तरी सांगावंसं वाटलं,
पण अडीच वाजले होते.

सकाळी केनाकहून एदुलियाचा फोन.
‘यामिला, प्रिंटर मुंग्या छापतोय.
दोन क्लोदोमिरोला गोळ्यांचा कागद वाचता येईना.
सकाळची त्याने रात्री घेतली,
आणि रात्रभर जिन्यावर बसून होता.’
बरा आहे ना?
‘बरा आहे. तुला शिव्या देतोय.’

मग कळलं.
नोल्बेर्तोने त्या जुन्या पॅकेजच्या पोटात शिरून
अक्षरं फुगवली होती, एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांइतकी.
नव्या आवृत्तीला तो म्हातारा माहीत नव्हता.
मलाही नव्हता,
आणि मी तर त्या बेटावर जेवून आलेय.

दुपारी मागची आवृत्ती परत बसवली.
यंत्राला मागे नेणं सोपं असतं, एक आकडा बदलायचा.
भोक आहे, मला ठाऊक आहे.
त्या खोक्याभोवती कुंपण घातलं,
प्रिंटरची वाट सोडून बाकी सगळी दारं लावली,
आणि वरच्या पत्राला उत्तर लिहिलं, जरा उद्धटच.

नोल्बेर्तोची ओळ पुसली नाही.
तिच्याखाली माझी:
‘कारण: क्लोदोमिरो माँसिया, वय ८४, उजवा डोळा गेलेला.
अक्षर मोठं लागतं. शंका असल्यास बोटीने जाऊन भेटा.’

संध्याकाळी एदुलियाने फोटो पाठवला.
स्वयंपाकघराचं दार, त्यावर चिकटवलेला कागद,
तळहाताएवढी अक्षरं:
पांढरी. रात्री. एकच.
खाली पेन्सिलीने, थरथरत्या हातानं, त्याने स्वतः भर घातलेली:
जेवल्यावर.

आज पुन्हा रात्रीचे दहा.
एंटर.
ताक हिरवं. अलाओ पिवळं, मग हिरवं.
छत्तीस.