हातचे

जानेवारीत आम्ही बेरीज मांडतो.
इल नदीवर धुकं, ट्रामचे दिवे भरदुपारी लागलेले,
तिसऱ्या मजल्यावर विओरिका मोठ्याने आकडे वाचते
आणि मी लिहून घेते:
वर्षारंभी प्रलंबित. वर्षात दाखल. वर्षात निकाली.
उरलेले, हातचे धरून, पुढच्या पानावर.

हातचा विसरू नये, असं शाळेत शिकवलं होतं.
इथे तर हातच्यावरच इमारत उभी आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमची पायरी फारसं कुणी चढत नाहीच,
पाकिटं चढतात.
करड्या गोण्यांतून, सत्तेचाळीस देशांच्या तिकिटांनिशी.
कुणी वहीच्या पानावर लिहितं,
कुणी औषधाचं खोकं उलगडून त्याच्या आतल्या बाजूवर,
एकाने लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं होतं,
पत्रिका कुणाची ते सांगितलं नाही.
टपालखोलीतला आँसेल्म शिक्का मारण्याआधी
प्रत्येक पाकीट हुंगतो.
"तुरुंग," म्हणतो.
"हिच्या घरात चूल धुमसते."
"ही कांदा चिरता चिरता उठली."

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधलं एक:
ग्रिगोरे बुझ्दुगान, निस्त्रु नदीकाठचा तुरुंग.
अर्जातलं एकच वाक्य धड लागत होतं,
"टेप मागितली, दिली नाही, म्हणून मोजून पाठवतो."
आत दोन दोरे,
ब्लँकेटच्या काठाचे, उसवलेले.
राखी म्हणजे कोठडीची रुंदी.
तांबडा म्हणजे लांबी, आणि तांबड्याला सहा गाठी,
सात माणसांच्या झोपण्याच्या हद्दी.

नियमाला चौरस मीटर लागतात.
संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही खुर्च्या सरकवल्या.
तांबडा दोरा माझ्या टेबलापासून रेडिएटरपर्यंत पोचला.
राखी तर दारापर्यंतही नाही.
गाठीपासून गाठीपर्यंत दीड वीत, वर दोन बोटं.
विओरिका मधल्या जागेत आडवी झाली,
आधी उताणी, मग कुशीवर.
"उताणं जमत नाही," म्हणाली,
आणि उठेचना थोडा वेळ.
हे आम्ही कुठेच नोंदवलं नाही.

अर्जाच्या शेवटच्या पानावर सही नव्हती.
आम्ही पत्र पाठवलं. मुदत गेली.
दुसरं पाठवण्याची पद्धत नाही.
एका न्यायाधीशाने, एका सकाळी, अशाच कितीतरींबरोबर
त्याला अग्राह्य ठरवलं.
गेल्या वर्षीच्या अहवालात तो निकालीच्या रकान्यात होता,
निळ्या स्तंभात, जो उंच झाला म्हणून
कॉरिडॉरमध्ये केक कापला गेला.
मीही खाल्ला. चांगला होता, बदामाचा.

असंही नाही की काही होतच नाही.
नोव्हेंबरात नातेला नावाच्या बाईला
अकरा वर्षांनी कागद मिळाला,
तुमच्या मुलाच्या मृत्यूला राज्य जबाबदार आहे.
तिच्या वकिलाने फोन तिच्या हातात दिला.
ती बोलली नाही.
मागे कोंबड्या ओरडत होत्या, बराच वेळ,
आणि आम्हीही फोन ठेवला नाही.
ती सुद्धा निकालीच.
एकच रकाना, एकच अंक,
तिचा एक आणि त्याचा एक सारख्याच उंचीचे.

अग्राह्य नस्ती वर्षभर ठेवायची, मग यंत्रात.
यंत्रावर सूचना चिकटवली आहे:
पिना, क्लिपा, दोरे आधी काढून घ्यावेत.
मी काढून घेतले.

कागद गेला. आवाज पिठाच्या गिरणीसारखा,
पण खाली पडलं त्याची भाकरी होत नाही.

दोरे कुठे ठेवायचे याचा नियम सापडला नाही.
खिशात घालून दोन दिवस हिंडले,
बोटाला गुंडाळत, सोडत, गाठी चाचपत.
विओरिका वाचत होती, "पुढे नेलेले,"
आणि माझं लिहिणं एक ओळ मागे राहत होतं.

काल टपालखोलीत जाऊन आँसेल्मच्या टेबलावर ठेवले.
त्याने हुंगले. या वेळी काही म्हणाला नाही.
सवयीने शिक्का उचलला,
तारीख फिरवून आजची केली,
आणि दोऱ्यावर कुठे मारायचा ते न कळून
हात तसाच वर धरून उभा राहिला.