ओन्लीची जागा

बुधवारी संध्याकाळी ग्रिम्सबीच्या लायब्ररीत
मी थांबतो तो कुलूप लावायला.
साडेआठला वर्ग सुटतो, पावणेनऊला दिवे.
तोवर मागच्या बाकावर, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा,
मी माझीच भाषा ऐकतो,
परक्याच्या घरात आपला कोट टांगलेला दिसावा तशी.

मिसेस ऑल्डरॉइड कॉर्नफ्लेक्सचं खोकं कापून आणतात,
एकेका तुकड्यावर एकेक शब्द, जाड निळ्या शाईत.
आज ओन्ली, जस्ट, मिअरली.
"अर्थ एकच ना तिन्हींचा?" डायवा विचारते.
दोनदा साबण लावूनही तिच्या बोटांना हॅडकचा वास.
"एकच," बाई म्हणतात, "तीच तर पंचाईत आहे."

मिअरली वरून खाली पडतो:
निव्वळ कारकून, निव्वळ हमाल.
स्वतःबद्दल कुणी म्हणत नाही,
म्हणालाच तर मान खाली घालून.
जस्टला हाडं नाहीत. दारातून नुसता डोकावतो:
एक मिनिट हं, सहज विचारलं,
हा काय, आत्ताच आलो, हा निघालो.
"पण सुपरवायझर म्हणतो, यू आर जस्ट अ पॅकर,"
डायवा म्हणते, "तिथे तो डोकावत नाही. बसतो."
बाई जरा वेळ गप्प.
"हो. तिथे बसतो."
रेबवार डिक्शनरीतून डोकं वर काढतो:
इथे तर लिहिलंय, जस्ट म्हणजे न्यायीसुद्धा!
सगळे हसतात.
टेस्फालेम हसत नाही.

त्याच्या खिशात घड्या पडून पडून मऊ झालेला कागद.
बंद खोलीत, दुभाषा फोनवर,
त्यानं सांगितलेलं टाइप होऊन आलंय:
आय ओन्ली सॉ माय ब्रदर अ‍ॅट द हार्बर.
अधिकाऱ्यानं विचारलं होतं,
नुसतं पाहिलंत? हाक नाही मारलीत?

बाई वाक्य टेबलावर मांडतात, शब्दाला शब्द लावून,
आणि ओन्ली त्याच्या हातात देतात.
तो आधी सगळ्यांच्या पुढे ठेवतो.
मीच पाहिलं, दुसऱ्या कुणी नाही.
मान हलवतो, उचलतो.
भावाच्या आधी: भावालाच पाहिलं.
"नाही. आई होती."
हीटरची टकटक.
मग सरकवत सरकवत पार कडेला, बंदरापाशी.
बंदरातच. त्याच्या आधी महिनाभर नाही,
नंतर कुठेच नाही.
बोट दाबून धरतो त्यावर, वारा सुटल्यासारखं.
"हे," म्हणतो.

बाई लाल पेनानं लिहून देतात.
उपयोग होईल का, तो विचारत नाही,
त्याही सांगत नाहीत.
"बोलताना आम्ही कुठेही टाकतो हा शब्द," एवढंच म्हणतात,
"आवाज सांभाळून घेतो. कागदाला आवाज नसतो."

खुर्च्या. खिडक्या. दिवे.
टेबलाखाली एक तुकडा राहिलाय,
पाठीवर कोंबड्याचा अर्धा तुरा.
आयुष्यभर हा शब्द तोंडात घोळवलाय मी, न बघता.
बाप ट्रॉलरवर निघाला त्या पहाटे मी नऊ वर्षांचा,
पांघरुणातून म्हणालो, थंडी येतेय, दार लाव.
आय ओन्ली सेड, शट द डोअर.
आईला, पाद्र्याला, पुढे बायकोला, हेच सांगत आलो,
आणि प्रत्येकानं सांभाळून घेतलं:
एवढंच ना, पोरा, त्यात काय.

अंधारात तुकडा धरून जागा बदलून बघतो.
मीच म्हणालो. आई झोपेत होती.
म्हणालो नुसतं. उठलो नाही.
मग पार कडेला, दारापाशी:
दारच. दुसरं काहीही
लावून घे म्हणालो नव्हतो.

तुकडा खिशात टाकतो.
किल्ली दोनदा फिरवतो.
एकदा पुरते खरं तर.