तिसरा सिलिंडर

फ्राय बेंतोसला नदीच्या काठी
मटणाचे डबे भरणारा कारखाना होता.
तो कधीच बंद पडला. त्याच्या मागच्या भिंतीला टेकून
आमची पत्र्याची शेड आहे, आणि शेडमध्ये हिलमन,
माझ्या वयाहून जुनी. रंग विचारू नका.
दाराच्या आतल्या कडेला बोटभर हिरवा उरलाय,
त्यावरून अंदाज करायचा.

हेड काढलं तेव्हा तीन भिंती
नुकत्या घासलेल्या पातेल्यासारख्या लख्ख.
तिसऱ्यात मात्र कुठल्याशा जुलैत, ऐन थंडीत,
पाणी उतरलेलं, व्हॉल्व्ह उघडा राहिलेला.
पिस्टनची दातखीळ बसलेली.
कडेने फिरलेली एक तांबडी रेघ,
नखाने खरवडली तर नखात भरते.

एलेउतेरिओकाका सहा फुटी पाइप घेऊन
चालत आला. बाबांकडे बघितलं नाही.
अकरा वर्षांचा अबोला.
आई म्हणते बोटीच्या मोटरीवरून,
आत्या म्हणते कुंपणावरून.
त्या दोघांना विचारावं, तर ते बोलतच नाहीत ना.

"त्याला सांग, डिझेल ओतू नकोस."
"त्याला सांग, डिझेल कोण ओततंय?
गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन, अर्धं अर्धं."
दोघांमध्ये तीन हात अंतर.
मध्ये मी, टॉर्च धरलेलं टपाल.

मग वाट पाहायची.
एवढंच काम असतं, खरं तर.
रोज सकाळी बघायचं, तेल किती उतरलं.
पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी नाही.
तिसऱ्या दिवशी काडीने मापलं,
काडीवरची खूण कदाचित खाली,
कदाचित माझा हात हलला.
माते भरून मी बाबांना द्यायची,
रिकामी झाली की परत पाणी, मग काकाला.
भोपळा एक, चांदीची नळीही एकच,
ती दोघांच्या ओठांना लागायची,
आणि कुणी काही म्हणायचं नाही.

सातव्या दिवशी बाबांनी
लापाचोच्या लाकडाचा ठोकळा पिस्टनवर ठेवला.
ठोकायचं नाही, माझ्याकडे बघून म्हणाले
(म्हणजे मला सांगत नव्हते),
दुपारी झोपलेल्या घराचं दार वाजवतात, तसं.
टक. टक.
काका पाइपवर, सगळं वजन टाकून,
पण झटका न देता.
मी गाडीखाली पोटावर.
फ्लायव्हीलवर आणि शेजारच्या लोखंडावर
एकच सरळ रेघ मारली होती खडूने.
तिच्यावरून नजर काढायची नाही,
एवढंच माझ्याकडे.

टक. थांब. टक.
मान अवघडली. कोपराखाली खडा.
वर कुणाचा तरी श्वास, बाबांचा की काकाचा,
खालून सारखाच ऐकू येतो.

मग रेघ तुटली.
अर्धी जागेवर, अर्धी केसभर पुढे.
मी लगेच बोलले नाही.
का, ते मला अजून सांगता येत नाही.

"हलला."

"सोडू नकोस पाइप! दोन्ही हातांनी धर, गाढवा!"
"सकाळपासून मीच धरलाय!
तू तर कारखान्यात बैल फोडल्यासारखा बडवतोयस!"
"बॉनेट उघडं कुणी ठेवलं होतं?"
"कुणी म्हणजे? चावी कुणाकडे होती त्या हिवाळ्यात?"
"माझ्याकडे? माझ्याकडे होती चावी?"

माझं नाव कुणीच घेत नव्हतं.
मी गाडीखालून सरपटत बाहेर आले,
टॉर्च बंद केला, गुडघे झटकले.
पिस्टन अजून आतच होता,
अर्धा इंच वर, बाकी सगळा बाकी.

घरात जाऊन किटली ठेवली.
मातेचं पाणी उकळू द्यायचं नसतं,
तळाशी बुडबुडे धरले की उतरवायचं,
नाहीतर पानं जळतात.
शेडमधून दोन आवाज येत होते,
एकमेकांवर चढलेले,
मध्येच टक,
पुन्हा दोन आवाज.

पाणी उकळत राहिलं.