तरंगते, पण

पुएर्तो मोंतचा विक्रेता सोमवारी आला,
बूट इतके लखलखीत की मी त्याला धक्क्यावर जाऊच दिलं नाही.
दुकानातच उभा राहून खोक्यावरचं मोठ्यानं वाचत होता:
दीड मीटरवरून पडली तरी चालेल,
तीस मीटर पाण्याखाली चालेल,
शंभर तास चालेल.

"चालेल" या शब्दावर माझा फार भरवसा नाही.
आमच्या केयोनमध्ये होड्याही चालतात,
आणि एरिबेर्तोचं लग्नही.

म्हटलं, एक ठेवून जा. आठवडा दे.

मंगळवारी ती छपरावरून सोडली, खालच्या गोट्यांवर.
रबराला ओरखडा, उजेडाला काही नाही.
बुधवारी माशांच्या बर्फात पेटती पुरली.
सकाळी पेटी उघडली तर आख्खा बर्फ आतून निळा,
आणि एक मासा असा उजळलेला
की वेन्सेस्लाओ म्हणाला, बाई, तिकीट लाव.
गुरुवारी शिंपल्यांच्या पातेल्यात उकळली.
उकळण्याबद्दल खोक्यावर चकार शब्द नाही, मान्य,
पण वस्तू कुठे पडेल याचा काय नेम?
भिंग धुरकटलं, दुपारी निवळलं.
वहीत लिहिलं: पास. शेजारी एक प्रश्नचिन्ह.

शुक्रवारी हात बादलीत घातले,
जुलैचं खारं पाणी,
तीनशेपर्यंत आकडे मोजले, मग अंधारात बटण शोधलं.
बोटं माझी नव्हतीच,
कुणा शेजारणीकडून उसनी आणल्यासारखी.
बटण गुळगुळीत, अंगाशी सपाट.
चौथ्या खेपेला लागलं.
चार खेपा म्हणजे किती वेळ,
हे पाण्यात पडणाऱ्याला विचारावं.

उजेड म्हणाल तर फार पांढरा.
जाळ्याची गाठ न् गाठ दिसते,
गाठ सोडवणाऱ्याचं तोंड मात्र पिठात बुडवल्यासारखं.
समोरच्या होडीवर चुकून झोत गेला
तर म्हाताऱ्या बार्रियाने वल्हं टाकून डोळे झाकले
आणि माझ्या आईपासून सुरुवात केली.

शनिवारी रात्री, भरती चढताना,
दोरी बांधून ती धक्क्यावरून फेकली.
तरंगली. खोकं खोटं बोलत नव्हतं.
तरंगली, पण तोंड खाली करून.

खाली हिरवं पाणी पेटलं.
समुद्रवेलींचे दांडे, एक बाटली,
एक खेकडा दोन्ही नांग्या वर करून,
जणू त्यालाच कुणी पकडलंय.
इतकं स्वच्छ, इतकं सुंदर
की आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.

दिव्याखाली अंधार, असं म्हणतात.
इथे दिव्याखाली सगळा उजेड,
अंधार वर,
जिथे आम्ही उभे होतो,
जिथून एखादी होडी शोधत आली असती.

वेन्सेस्लाओ सरळ झाला. काही बोलला नाही.
दोन हिवाळ्यांपूर्वीची एक रात्र त्याच्याकडे आहे,
ती तो कुणाला दाखवत नाही.
मी दोरी ओढली.

स्टोव्हपाशी बसून दारूच्या बाटल्यांची तीन बुचं भोकं पाडून ओवली,
टॉर्चच्या गळ्यात घातली.
शेपटीला गळाचं शिसं.
पहिल्यांदा सरळ बुडाली.
शिसं सुरीनं छिललं. पुन्हा.
अजून थोडं.
पाचव्यांदा उभी राहिली,
गळ्याइतक्या पाण्यात माणूस उभा राहतो तशी,
डोकं वर.
पाऊस एकदम दिसायला लागला, थेंब न् थेंब,
आणि पलीकडच्या काठावर कुत्री भुंकली.

सोमवारी विक्रेता बुचांकडे बघून म्हणाला, वॉरंटी जाईल.
जाऊ दे, म्हटलं. बारा पाठव.
आणि तुझ्या साहेबाला सांग, बटणाला एक उंचवटा दे,
फुटक्या नखाला लागेल इतका.
त्यानं लिहून घेतलं. बहुतेक.

आता फळीवर बारा आहेत, माळ घातलेल्या.
पहिली वेन्सेस्लाओनं नेली, पावती नको म्हणाला.
बुचांचे पैसे मी घेत नाही.
शिशाचे घेते.