एकोणचाळीस किलोमीटर, हवेतून

बेर्लेवॉगहून बॉट्सफ्यूर:
सरळ रेघेत एकोणचाळीस किलोमीटर,
वेळापत्रकात पंधरा मिनिटं.
रस्त्यानं नव्वदच्या आसपास,
आणि हिवाळ्यात रस्ता म्हणजे
बर्फ उपसणाऱ्या गाडीच्या दिव्यामागे
रांगेनं सरकणं,
तेही डोंगराच्या मनात असेल तर.

मी दर पाचव्या बुधवारी जाते.
बॉट्सफ्यूरला नाही, पुढे किर्केनेसला,
डोळ्यात सुई घ्यायला.
रांदी काउंटरवरून विचारते, "बॅग?"
(बॅगा तीच तोलते, दारही तीच उघडते,
धावपट्टीवरची रेनडिअरही तीच हाकलते.)
मी पिशवी दाखवते:
पाव, तपकिरी चीज, कोरड्या मोज्यांचा जोड.

विमानात कॉफी देत नाहीत.
ती निवायलाही वेळ नसतो.
डावीकडे समुद्र, शिशासारखा,
उजवीकडे एकही झाड नसलेला मुलूख.
कानात दडा बसतो
आणि सुटायच्या आत चाकं आपटतात.

इथं दहा मिनिटांचा थांबा.
पुढे जाणाऱ्यांनी जागेवरच बसायचं.
खाली पिवळ्या जाकिटात
सामानाची गाडी ओढत येतो
माझा भाऊ.

आइलिफ. सहा वर्षांनी धाकटा.
बाबांची होडी मी विकली, "तेर्ना", कोट्यासकट,
तो आइसलंडकडे ट्रॉलरवर होता तेव्हा.
फोन लागला नाही, असं मी सांगितलं.
लावला असता तर लागला असता.
तेव्हापासून अबोला. चौदा हिवाळे.

प्रवाशांची यादी त्याच्या हातात असते.
तिच्यात मी असते, तीन-अ.
तो वर बघत नाही.
गाडीपासून विमानापर्यंतची
त्याची पावलं मी मोजली आहेत: अकरा.
हे अंतर वेळापत्रकात नाही.

माझ्या डोळ्यांचं असं झालंय
की जिथं बघावं तिथंच डाग.
मधलं जातं, कडा राहतात.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
जे पाहायचंय त्याच्या जरा बाजूला
पाहायला शिका.
शिकले.
मी इंधनाच्या लाल टाकीकडे बघते,
म्हणजे आइलिफ दिसतो:
डावा खांदा बाबांसारखा उतरलेला,
दाढी पांढरी. कधी झाली?

फेब्रुवारीत पंखांवर बर्फ धरलं होतं.
पाळण्यात उभा राहून तो पाइपनं
नारिंगी पाणी मारत होता.
पंख झाले, शेपूट झाली.
ओघळ माझ्या काचेवर आले,
सगळं बाहेर संत्र्याच्या सालीसारखं.
मग शिडी टेकल्याचा आवाज.
आणि एक हातमोजा काच पुसू लागला,
आधी गोल गोल, मग कोपरे,
आई पुसायची तशी.
नियमात बसत नसावं ते.
हातमोजा थांबला.
त्याच्यामागे एक चेहरा होता,
बरोबर मधोमध, एका हातावर,
म्हणजे मला नव्हताच.

आणि मी,
त्याला नीट पाहावं म्हणून,
चटकन मान वळवून
लाल टाकीकडे बघितलं.

त्याला काय वाटलं असेल
हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा
पंखे फिरत होते, शिडी काढलेली होती,
आणि थोड्याच वेळात आम्ही ढगांच्या वर.
हवाई सुंदरी विचारत होती, काही हवंय का.

परतीच्या फेरीला त्याची पाळी नसते.