तिसरा स्वर

वेल्टाबाई चौबळ खडकीला राहतात.
स्वतः सांगताना म्हणतात, "मी कडकीत राहते."
त्यांच्या जिभेला ख नाही, घ नाही, भ नाही,
लाटव्हियाहून येताना सगळा हकार
सीमेवरच काढून घेतल्यासारखा.
आणि प्रत्येक शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर टिचकी.
भाजीवाला अजून विचारतो, "बाई, मला रागावलात का?"

मी माइक घेऊन गेले बुधवारी.
पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद,
ओट्यावर माझा कागद, कागदावर तीन शब्द:
लुओक्स, लुओक्स, लुओक्स.
एक पातीचा कांदा, एक कमान, एक खिडकी.
खिडकीत लिहिताना ग असतो,
पण स शेजारी बसला की त्याचा क होतो,
माणसांचं होतं तसं.
मग फरक उरतो तो फक्त गळ्यात.
कांद्याचा सूर सपाट, ओढलेल्या दोरीसारखा.
कमानीचा घसरतो.
खिडकीचा मधेच मोडतो.
आपण नको म्हणायला अंहं म्हणतो ना,
त्या दोन अंच्या मधे गळ्यात जी कडी पडते,
तेवढीच कडी, शब्दाच्या पोटात.
किंवा उचकी म्हणा, लागता लागता राहिलेली.

त्या आधी मलाच तपासत बसल्या.
"तुमचे च दोन, अक्षर एक.
चार वाचलं की मी काय करायचं,
मोजायचं, की शेळीला चारायचं?"
त्यांच्याकडे दोन्हींना वेगळी अक्षरं,
एक बोडकं, एकाच्या डोक्यावर उलटी टोपी.
बहिणीच्या पाकिटांवर चौबळचा च बोडका यायचा.
"पोस्टमनपेक्षा तिचं मराठी चांगलं," म्हणाल्या.
आणि कझस म्हणजे शेळ्या,
पण क लांबवून काझस केलं, तर लग्न.
आमचे ऱ्हस्व-दीर्घ वहीत राहतात, मी म्हटलं,
तोंडात सगळं सारखंच.
"मग वरातीत शेळ्या शिरतात," त्या म्हणाल्या,
आणि घड्याळाकडे पाहिलं.

बारा वेळा कांदा. बारा वेळा कमान. बारा वेळा खिडकी.
स्क्रीनवर छत्तीस रेघा,
सगळ्या घसरणाऱ्या, एकीलाही गाठ नाही.
बेहेरे सरांना मोडका स्वर हवाय,
माझं तिसरं प्रकरण त्यावर उभं आहे.
"खिडकी पुन्हा म्हणाल?"
त्या पुन्हा म्हणाल्या, अगदी जपून,
शाळेतल्या मुलीसारख्या मान ताठ करून.
गुळगुळीत.
बेचाळीस वर्षं कुणाशी म्हणणार होत्या खिडकी?
चौबळांना तिकडचं इंजिनांपुरतं येत होतं,
आणि ते जाऊन सहा वर्षं झाली.

तेवढ्यात फॅक्टरीचा भोंगा झाला.
मी रेकॉर्डर थांबवला, असल्या आवाजात नमुना घेत नाहीत.
वाऱ्याने तावदान भिंतीवर आपटलं, पडदा दुधात पडला,
आणि त्या मागे न वळताच ओरडल्या,
"आइझ्वेर लुओ’गु!"
खिडकी लाव.
स्पष्ट. मधोमध मोडलेला.
सुरी अर्ध्या कांद्यावर थांबलेली.

कुणाला म्हणाल्या, मी विचारलं नाही.
घरात आम्ही दोघीच, आणि मला ही भाषा
कागदापुरती येते, त्यांना ते ठाऊक आहे.
खिडकी मीच लावली.
भोंगा संपल्यावर बटण दाबलं, म्हटलं, आत्ताचं तेच, तसंच.
त्या म्हणाल्या, "काय म्हटलं मी?"
आणि दूध बदललं.

आता रात्री हेडफोन लावून बसलेय.
भोंग्याच्या आधी एक फाइल, नंतर दुसरी.
मधे काहीच नाही.
तक्त्यात लिहिलं: तिसरा स्वर, आढळला नाही.
खोडलं.
आढळला, लिहिलं. पुरावा कुठे, विचारतील.
तेही खोडलं.
रकाना आहे तसा मोकळा.

खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावलाय.
मी हलकेच म्हणून पाहते: लुओ—
पुन्हा: लुओ—
कडी पडत नाही.
अंहं.