चौदा इंच

व्हर्लिनने छतावर पेन्सिलीने चौकोन आखला,
चौदा बाय चौदा.
पुसला. पुन्हा आखला.

या ट्रेलरमधून पूर्वी लाद्या जायच्या टूसॉनला.
आता आत पलंग, शेगडी,
आणि घडी घातलेली ओडेलियाची चाकांची खुर्ची.
उन्हाळ्यात तिचे पाय तिचं ऐकत नाहीत.
डॉक्टर म्हणाले, गारव्यात राहा.
गारवा काय झाडाला लागतो,
युमात, जूनमध्ये?

"धडधाकट छताला भोक पाडतोस," शेजारचा रूडेल म्हणाला,
"गळेल."
"आधी पडू दे तर खरं."

करवतीने पत्र्याचा कीस उडवला,
घामेजल्या हातांवर वर्खासारखा चिकटला.
चौकोन निखळला तशी
आत पलंगावर उन्हाची एक लादी पडली.
ओडेलियाने तिच्यावर पाय ठेवून पाहिला,
लगेच मागे घेतला.

मग रबराची कड, सीलंट, चार बोल्ट,
आणि जनरेटर:
एसी सुरू होताना त्याचा गळाच धरतो.
दोनदा गुदमरला. तिसऱ्यांदा
दिवे मिणमिणले, आणि टिकले.

मध्यरात्री ती म्हणाली,
"बंद कर ना जरा, थंडी वाजतेय."

थंडी.
तो शब्द ऐकत तो इतका वेळ पडून राहिला
की उठायचं राहूनच गेलं.